सहा जणींच्या खाली सहा जणी



गेल्या महिन्यात माझ्या नणंदेच्या सुनेचा फोन आला. "मामी, उद्या दुपारी मोकळ्या आहात का? एक बोलायचं होतं. फोनवर नको, समोरच सांगते." एवढं ऐकलं आणि माझ्या पोटात गोळा आला. घरात काही भांडण नसणार, तब्येतीचंही काही नसणार, हे मला आवाजावरूनच कळलं. कारण हेच वाक्य, याच गोड आवाजात, मी स्वतः कितीतरी जणींना म्हटलेलं आहे. आम्हाला तसं शिकवलंच होतं. फोनवर कंपनीचं नाव घ्यायचं नाही, कसला धंदा ते सांगायचं नाही, फक्त वेळ मागून घ्यायची.

ती आली. हातात छान पिशवी, पिशवीत दोन डबे, एक क्रीम आणि एक वही. पोर गुणी आहे. नवरा कुपवाडच्या एमआयडीसीत कामाला, पदरात तीन वर्षांचं लेकरू, सासूचं घर सांभाळून हिला स्वतःचे चार पैसे हवेत. यात चूक काय आहे? मी चहा टाकला आणि तिला सगळं बोलू दिलं. "मामी, फक्त सहा जणी जोडायच्या. त्या सहा जणी आपापल्या सहा जोडतील. मग आपण काहीच करायचं नाही, आपोआप येत राहतं."

आपोआप! दहा-बारा वर्षं झाली, शब्दसुद्धा बदललेला नाही.

२०१३च्या दिवाळीनंतर मी अशाच एका कंपनीत शिरले. नाव सांगत नाही, सांगून उपयोगही नाही. तेव्हा यांच्या धंद्यात मंदी होती, मुलीची अकरावीची फी भरायची होती. माहेरच्या ओळखीतल्या एक ताई घरी आल्या. त्यांनी मला "तुम्ही किती छान बोलता" असं म्हटलं. लग्नाला अठरा वर्षं झाली होती, मला असं कुणी म्हटलंच नव्हतं. खरं सांगते, प्लॅन मला फारसा कळला नव्हता. मी त्या एका वाक्याला भुलले.

पहिलं काम होतं शंभर नावांची यादी. मला काही केल्या चाळीसच्या पुढे नावं सुचेनात. तेव्हा मी कपाटातून आमच्या लग्नाची आहेराची वही काढली. कुणी किती रुपये, कुणी पातेलं, कुणी साडी, सगळं सासऱ्यांच्या अक्षरात लिहिलेलं. ज्यांनी मला आशीर्वाद द्यायला आहेर आणला, त्यांची नावं मी गिऱ्हाईक म्हणून उतरवून घेतली. पुढे मंदिरातल्या आहारदानाच्या पाळीची यादी, स्वाध्यायाला बसणाऱ्या बायका, मुलीच्या मैत्रिणींच्या आया. यादी एकशे सहापर्यंत गेली आणि मला केवढा आनंद झाला!

आपल्या समाजात हा धंदा का पसरतो ते मला त्या यादीने शिकवलं. आपण एकमेकींना ओळखतो, एका मंदिरात जातो, घरोघरी नातं निघतं आणि तोंडावर "नको" म्हणायची आपल्याला सवय नाही. दुकानदाराला जो विश्वास कमवायला वीस वर्षं लागतात, तो आपल्याला आयता मिळालेला असतो. कंपनीला साबण विकायला आपण लागतो ते या विश्वासासाठी.

मीटिंग संध्याकाळी सात ते दहा, सांगलीत हॉलमध्ये. म्हणजे सूर्यास्ताआधीचं जेवण घाईघाईत उरकायचं, नाहीतर उपाशी राहायचं. तिथे मिळायचा बटाट्याचा समोसा. स्टेजवर सिल्व्हर, गोल्ड, डायमंड. टाळ्या अशा की कानठळ्या बसाव्यात. "जे तुम्हाला नाउमेद करतात त्यांच्यापासून दूर राहा," असं तिथे सांगत. माझ्या बाबतीत नाउमेद करणारे म्हणजे कोण, तर हे आणि माझे वडील. दोघांपासून मी खरंच काही महिने दूर राहिले. घरात राहून दूर राहणं कसं असतं ते तुमच्यापैकी काही जणींना माहीत असेल.

यात फायदा काहीच झाला नाही असं मी म्हणणार नाही. माझं पॅन कार्ड त्या निमित्ताने निघालं, स्वतःच्या एकटीच्या नावाचं बँकेचं खातं झालं. चार लोकांत उभं राहून बोलायला आले. आज मंदिरात मी महिलांसमोर बोलते, ते बोलणं तिथलंच. ज्या कंपनीमुळे मी नंतर कितीतरी रात्री झोपले नाही, तिचं हे देणं मी नाकारू शकत नाही.

आता काकूंची गोष्ट. ही मी आजवर लिहिली नव्हती.

आमच्या कोपऱ्यावर एक काकू राहायच्या. तेव्हा वय बहात्तर. व्रती बाई. पाणी गाळून, धान्य निवडून, बाहेरचं पाणीसुद्धा न घेणाऱ्या. गुडघे इतके दुखायचे की मंदिरात पंचांग नमस्कार घालता येईना, याचं त्यांना फार वाईट वाटे. मी त्यांना आमच्या कंपनीच्या गुडघ्यांच्या कॅप्सूल दिल्या. त्यांनी एकच विचारलं, "यात काही नाही ना गं?" आपल्यात 'काही' म्हणजे काय ते सांगायला नको. मी म्हटलं, "नाही काकू, कंपनीचं सगळं शाकाहारी आहे." मला माझ्या वरच्या ताईंनी तसं सांगितलं होतं. प्रोटीनच्या डब्यावरचा हिरवा ठिपका मी स्वतः पाहिला होता. त्यावरून सगळंच शाकाहारी धरून चालले. कॅप्सूलची डबी मी कधी फिरवून पाहिली नव्हती.

काकूंनी पाच महिने त्या घेतल्या. पाच डब्या, एकेक १,४५० रुपयांची. नजर अधू, त्यामुळे डबीवरचं वाचायचा प्रश्नच नव्हता. २०१५ साली, चातुर्मासात, त्यांची फार्मसी शिकणारी नात सुट्टीला आली. तिने डबी हातात घेतली आणि थेट माझ्याकडे आली. "काकी, हे बघितलं का?" खाली शिवणीजवळ तपकिरी चौकोन, आत तपकिरी ठिपका. तिनेच मला समजावलं. कॅप्सूलचं कवच जिलेटिनचं, म्हणजे जनावरांच्या हाडांपासून आणि कातड्यापासून केलेलं. आतलं ग्लुकोसामाइन बहुतेक वेळा कोळंबी-खेकड्यांच्या कवचांपासून काढतात. मक्यापासून केलेलंही मिळतं, वनस्पतीजन्य कवचाच्या कॅप्सूलही असतात, पण ही त्यातली नव्हती.

मी ताईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, "अहो, औषधाला काय बघायचं एवढं? आणि ते कुणाला सांगत बसू नका, बाकीच्या टीमवर परिणाम होतो."

क्षमावाणी अजून महिनाभर लांब होती. तोवर थांबण्याचा विचार माझ्या मनात आला होता, हे कबूल करते. त्या दिवशी सगळेच एकमेकांना हात जोडतात, त्यात आपलंही खपून जाईल. पण रात्रभर झोप लागली नाही, सकाळी दर्शनालाही जाववेना. तशीच उठून काकूंकडे गेले आणि सांगितलं.

त्या ओरडल्या नाहीत, रडल्याही नाहीत. जपमाळ बाजूला ठेवली आणि म्हणाल्या, "तुला ठाऊक होतं का गं?" मी म्हटलं, "नव्हतं." "मग विचारलं का नाहीस?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. न विचारण्याचं कारण मला माहीत होतं. विचारलं असतं आणि उत्तर वाईट आलं असतं, तर महिन्याचे पॉइंट कमी पडले असते.

त्या वर्षी गावात माताजींचा चातुर्मास होता. काकू त्यांच्याकडे गेल्या आणि प्रायश्चित्त मागितलं. माताजींनी एक उपवास आणि जाप सांगितला. काकूंनी आपणहून महिनाभर मीठ सोडलं. चूक माझी आणि अळणी जेवल्या त्या. मी पैसे परत द्यायला गेले तर घेईनात. शेवटी म्हणाल्या, "तुला जेवढं सुटलं तेवढं मंदिराच्या पेटीत टाक, बाकी माझं कर्म." एका डबीमागे मला २९० रुपये सुटत. पाच डब्यांचे १,४५० झाले, म्हणजे बरोबर एका डबीची किंमत. ते टाकले.

स्वाध्यायात सत्याणुव्रताचे पाच अतिचार आपण सगळ्यांनी ऐकले आहेत. पहिलाच मिथ्योपदेश. मी तो नेहमी दुसऱ्या कुणाबद्दल तरी आहे असं समजून ऐकत आले होते.

दशलक्षण संपल्यावर माहेरी गेले. माझ्या वडिलांची, अण्णांची, सांगलीत हळदीची आडत होती. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्याचा माल विकून कमिशनवरच घर चालवलं, त्यामुळे कमिशन या शब्दाचं त्यांना वावडं नव्हतं. मी वही त्यांच्यासमोर ठेवली. त्यांनी चष्मा लावला आणि पहिला प्रश्न विचारला, "माल शेवटी वापरतं कोण?" मी म्हटलं, आम्हीच, टीममधल्या बायका. "बाहेरचं गिऱ्हाईक?" अकरा. "कायम घेणारी?" चार.

मग त्यांनी पेन्सिलीने बेरजा केल्या. बावीस महिन्यांत विक्रीवरचा नफा आणि कमिशन मिळून आले ३१,३५० रुपये. निव्वळ पॉइंट टिकवायला मी स्वतःच्या नावावर उचललेला माल ६१,६०० रुपयांचा. त्यातला साबण, टूथपेस्ट वगैरे घरात एरवीही लागलंच असतं असं १९,८०० धरून वजा केले, राहिले ४१,८००. मीटिंगची तिकिटं, गाडीभाडं, पुस्तकं, सीडी यांचे १४,२००. म्हणजे माझ्या पदरात उणे २४,६५०. आणि स्टेजवर मी टाळ्या घेतल्या होत्या त्या "महिना पाच हजार"च्या! एक चांगला महिना तसा आला होता, खोटं नव्हतं. पण तो एकच.

अण्णा म्हणाले, "पोरी, तू दुकान घातलंयस असं तुला वाटतंय. तू त्यांचं गिऱ्हाईक आहेस."

त्यानंतर मी या विषयावर मिळेल ते वाचत गेले, कारण मला जाणून घ्यायचं होतं की मीच वेडी होते की सगळा धंदाच फसवा आहे. दोन्ही पुरतं खरं नाही. लोक 'चेन सिस्टीम' म्हणून एकाच टोपलीत टाकतात, पण त्यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकीत माल विकला जातो आणि विकण्याचे पैसे मिळतात. दुसरीत माल नावापुरता, पैसे मिळतात ते नवीन माणूस आणल्याचे. दुसरीला आपल्याकडे १९७८च्या कायद्याने बंदी आहे. तरी ती नवे कपडे घालून येतच असते. २०१०-११ साली स्पीक एशियाचं वादळ आलं होतं, आठवत असेल. वर्षाला ११ हजार भरायचे, संगणकावर सर्व्हे भरायचे, त्याचे पैसे मिळायचे, आणि माणसं आणली की आणखी. पुढे मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेत प्रकरण गेलं.

पहिल्या प्रकाराची गोष्ट वेगळी. अ‍ॅमवेवर अमेरिकेत खटला चालला होता. तिथल्या व्यापार आयोगाने १९७९ साली तिला पिरॅमिड ठरवलं नाही, कारण तिचे नियम होते: घेतलेला बहुतेक माल खरंच विकला गेला पाहिजे, बाहेरचं गिऱ्हाईक हवं, उरलेला माल परत घेतला पाहिजे. त्याच निकालात कमाईचे फुगवलेले आकडे सांगण्याबद्दल आयोगाने तिला फटकारलंही. म्हणजे अण्णांनी पेन्सिल घेऊन मला जे विचारलं, तेच तिथे वकिलांनी विचारलं.

आपल्याकडेही २०२१च्या डिसेंबरात थेट विक्रीचे नियम आले. आता कंपनीला प्रवेश फी घेता येत नाही. विचार बदलला तर ठरावीक मुदतीत करार मोडता येतो, विकण्याजोगा उरलेला माल परत घ्यावा लागतो, तक्रार ऐकायला अधिकारी नेमावा लागतो. विकणारीने ओळखपत्राशिवाय आणि आधी विचारल्याशिवाय कुणाच्या घरी जायचं नाही असंही त्यात आहे. हे वाचून मला हसू आलं. आपल्याकडे विचारून कोण येतं? "काय करताय वहिनी" म्हणत सरळ स्वयंपाकघरातच येतात. तरी फसवणूक झाली तर १९१५ हा ग्राहकांचा सरकारी नंबर आहे, तेवढा फोनमध्ये असू द्या.

या पद्धतीने नीट कमावणारी एक बाई मी जवळून पाहिली आहे. आमच्याच गावातली. गेली पंधराएक वर्षं सौंदर्यप्रसाधनं विकते. पन्नासेक कायमची गिऱ्हाइकं, कुणाचं क्रीम कधी संपेल ते तिच्या वहीत लिहिलेलं. संपायच्या चार दिवस आधी फोन करते, सायकलवरून पोचतं करते. महिन्याला पाच-सहा हजार सुटतात म्हणते. तिने आजवर मला एकदाही "जॉइन व्हा" म्हटलेलं नाही. तिच्याकडे डायमंडची पिन नाही आणि माळ्यावर पडून राहिलेला मालही नाही. ती दुकानदार आहे, फक्त तिच्या दुकानाला शटर नाही.

आणि एक योगायोग मला नेहमी गमतीचा वाटतो. अ‍ॅमवे अमेरिकेत १९५९ साली सुरू झाली. त्याच वर्षी मार्चमध्ये मुंबईत गिरगावच्या एका इमारतीच्या गच्चीवर सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटले, तो लिज्जत. तिथे लाटणारी प्रत्येक बहीण मालकीण. तिथेही बायकांनी बायकांना जोडलंच की. पण जोडलेल्या बाईने आधी पापड लाटायचा, आणि तो पापड खाणारं कुणीतरी बाहेर असायचं.

तर नणंदेच्या सुनेकडे परत येते. तिचा चहा गार झाला होता. मी तिला काकूंची गोष्ट सांगितली नाही, नवीन उमेदीवर एकदम पाणी ओतवेना. मी कॅलेंडरचं जुनं पान उलटं केलं आणि पेन तिच्या हातात दिलं. "तुझ्या सहा जणी लिही. त्यांच्या सहा-सहा?" छत्तीस. मग २१६, १,२९६, ७,७७६, ४६,६५६. तिला मजा वाटत होती. सातव्या पायरीला २,७९,९३६ आणि आठव्या पायरीला १६,७९,६१६. मी म्हटलं, "२०११च्या जनगणनेत अख्ख्या महाराष्ट्रात आपण जैन साधारण १४ लाख होतो. पाळण्यातली पोरं आणि अंथरुणाला खिळलेले आजोबा धरून." नववी पायरी एक कोटीच्या वर गेली. देशभरचे जैन साडेचव्वेचाळीस लाख. ती पानाकडे बघत राहिली.

"मग मामी, आठव्या पायरीवरच्या बाईने काय करायचं?"

"ती आपल्यासारखीच कुणाच्या तरी स्वयंपाकघरात बसली असेल," मी म्हटलं. "आणि आपण पहिल्या पायरीवर आहोत असं तिला सांगितलेलं असेल."

मग आम्ही तिचे डबे एकेक करून फिरवले. दोन्हींवर हिरवा ठिपका होता, मी चष्मा लावून तिला तीनदा बघायला लावलं. क्रीमबद्दल तिला माहीत नव्हतं. विचारून सांगते म्हणाली. तिने फी भरलेली नव्हती, पण चार हजारांचा माल उचलला होता, तोही नवऱ्याला न सांगता. मी तिला एवढंच म्हटलं की आज रात्री त्याला सांग, आणि माल परत घेण्याची मुदत किती दिवसांची आहे ते कंपनीच्या कागदावर शोध, ताईला विचारू नको. सोडून दे असं मी म्हटलं नाही. मला अठरा वर्षांत पहिल्यांदा कुणी छान बोलता म्हटलं होतं, तेव्हा मला कुणी सोड म्हटलं असतं तर मी ऐकलं नसतं.

निघताना तिने विचारलं, "मामी, तुम्ही काही घ्याल का?" मी क्रीम घेतलं नाही. डबाही घेतला नाही. तिचा चेहरा पडला आणि मला वाईट वाटलं. पण मी काकूंच्या गोष्टीनंतर एक नियम घेतला आहे: न लागणारी वस्तू केवळ नात्यासाठी घ्यायची नाही आणि नात्यासाठी कुणाला द्यायचीही नाही. ते मी तिला सांगितलं. त्याऐवजी कपाटातून एक कोरी वही काढून दिली. डाव्या पानावर आलेलं, उजव्या पानावर गेलेलं, आणि गेलेल्यात गाडीभाडं, मोबाइलचं रिचार्ज आणि स्वतः उचललेला माल लिहायला विसरायचं नाही.

परवा नणंदेकडे सत्यनारायणाची नव्हे, आपल्या शांतिविधानाची गडबड होती (शेजारणी अजून दोन्हींत घोळ घालतात), तिथे ती भेटली. नवऱ्याला सांगितलं म्हणाली. दोन दिवस अबोला होता, आता ठीक आहे. निम्मा माल परत गेला. क्रीमचं उत्तर अजून आलेलं नाही, म्हणून क्रीम विकणं थांबवलंय. चार गिऱ्हाइकं बांधलीत, त्यातली एक तिच्या मुलाच्या बालवाडीतल्या बाई, आपल्या समाजाबाहेरच्या. वही भरते का विचारलं, तर म्हणाली, "रोज रात्री." पहिल्या महिन्याचा आकडा तिने सांगितला नाही, मीही विचारला नाही.